उचल, तगादा आणि विद्यार्थी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कर्जाचा तगादा हा विषय महाराष्ट्रातील कार्यकर्त्याला नवा नाही. पीककर्जाची नोटीस, पतपेढीची जप्ती, ऊसतोड कामगाराच्या गळ्यात अडकलेली मुकादमाची उचल, या सर्व प्रकरणांत त्याने दिवस घालवलेले असतात. आजचा विषय त्याच जातीचा असला तरी तो इंग्लंडमधील आहे आणि तेथील विद्यार्थ्यांचा आहे. विद्यापीठात दाखल होणाऱ्या मुलाचे खाते उघडतानाच तेथील बँका त्याला एक सवलत देऊ करतात. खात्यात शिल्लक नसली तरी ठराविक मर्यादेपर्यंत त्याला पैसे काढता येतात. हाच विद्यार्थ्यांचा ओव्हरड्राफ्ट. मराठीत त्याला ‘उचल’ हाच शब्द शोभेल, कारण उचलीचे सारे गुणधर्म त्यात आहेत. ती गोड बोलून दिली जाते, गरजेच्या वेळी मिळते, आणि फेडण्याची वेळ आली की तिचे खरे रूप दिसते.

ही उचल विद्यार्थ्याला का घ्यावी लागते, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे. १९६२ च्या शिक्षण कायद्याने इंग्लंड व वेल्समधील स्थानिक शिक्षण संस्थांवर जबाबदारी टाकली होती, की पहिल्या पदवीसाठी पूर्णवेळ शिकणाऱ्या विद्यार्थ्याची फी त्यांनी भरावी आणि पालकांचे उत्पन्न पाहून त्याला निर्वाहासाठी अनुदान द्यावे. हे अनुदान परत करावयाचे नव्हते. खाणकामगाराची वा गिरणीकामगाराची मुले त्या आधारावर विद्यापीठात गेली. १९९० साली हुजूर पक्षाच्या सरकारने हे अनुदान गोठवले आणि त्याच्या जोडीला कर्ज आणले. १९९८ साली वर्षाला १,००० पौंडांपर्यंत फी लागू झाली आणि १९९९ पासून नव्या विद्यार्थ्यांचे निर्वाह अनुदान बंद करण्यात आले. हा निर्णय मजूर पक्षाच्या सरकारचा होता, ही गोष्ट समाजवादी कार्यकर्त्याने विसरता कामा नये. पुढे २००६ मध्ये फीची मर्यादा ३,००० आणि २०१२ मध्ये इंग्लंडपुरती ९,००० पौंड झाली. अनुदान मध्यंतरी काही प्रमाणात परत आले, पण इंग्लंडमध्ये २०१६ साली ते पुन्हा नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद झाले. शासनाने जेथून पाऊल मागे घेतले, तेथे बँकेने आपले पाऊल ठेवले.

येथे दोन कर्जांतील भेद लक्षात घेणे आवश्यक आहे, कारण तेथील तरुणांचाही त्याबाबत गोंधळ होतो. शासकीय विद्यार्थी-कर्जाची फेड ठराविक उत्पन्नाच्या वर गेल्यावरच सुरू होते आणि ती सामान्यतः पगारातून कापली जाते. नोकरी गेली तर कपात थांबते. त्या कर्जावरही टीका करण्याजोगे पुष्कळ आहे, परंतु ऋणकोच्या मिळकतीशी त्याचा काही संबंध आहे. बँकेच्या उचलीचा तसा कोणताही संबंध नाही. ती मागताक्षणी परत करावयाची रक्कम असते. नोकरी आहे की नाही, आई आजारी आहे की काय, हे प्रश्न त्या करारात नसतात.

मग विद्यार्थिदशेत ही उचल बिनव्याजी का असते? त्यात दानधर्म नाही. अठराव्या वर्षी ज्या बँकेत खाते उघडले, त्याच बँकेत माणूस बहुधा पुढे पगार ठेवतो, तेथूनच घराचे कर्ज घेतो. विद्यार्थी म्हणजे बँकेच्या लेखी पेरलेले बी. पदवी मिळाल्यावर साधारणपणे एक ते तीन वर्षे बिनव्याजी मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आणली जाते, आणि नंतर खाते सर्वसाधारण होते. बहुतेक मोठ्या बँकांनी २०२० पासून अशा सर्वसाधारण उचलीवर वार्षिक ४० टक्क्यांच्या आसपास व्याज आकारले आहे. हिशेब सोपा आहे. दीड हजार पौंडांच्या उचलीवर काहीच न भरल्यास वर्षभरात सुमारे ६०० पौंड व्याज चढते, आणि दरमहा पंचेचाळीस पौंड भरणाऱ्याची मुद्दल जवळजवळ जागची हलत नाही. फेडणारा फेडतच राहतो आणि देणे तसेच उभे राहते.

तगाद्याची रीतही पाहण्यासारखी आहे. प्रथम सौम्य पत्र येते, मग कडक पत्र, मग संपूर्ण रकमेची अंतिम मागणी. त्यानंतर खाते थकबाकीत गेल्याची नोंद पतमाहिती संस्थांकडे होते आणि ती सहा वर्षे राहते. पुढे प्रकरण वसुली कंपनीकडे सोपवले जाते किंवा देणेच विकून टाकले जाते. प्रत्येक पत्राचा मायना असा असतो की दार ठोठावणारा माणूस आता जिन्यात येऊन उभा आहे असे वाटावे. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी अशा वेळी काय करते? पाकिटे न फोडता ती खणात टाकते. आईवडिलांना सांगण्याची लाज वाटते, मित्रांना सांगण्याची त्याहून अधिक. हा एकाकीपणा हेच वसुलीचे सर्वांत मोठे भांडवल आहे.

वास्तविक कायद्याने त्या तरुणाला अगदीच निःशस्त्र ठेवलेले नाही. उचल न फेडणे हा गुन्हा नव्हे. वसुली कंपनीच्या माणसाला घरात शिरण्याचा किंवा वस्तू उचलून नेण्याचा अधिकार नाही. बेलिफ येतो तो न्यायालयाच्या निकालानंतर. इंग्लंड व वेल्समध्ये न्यायालयाचे मागणीपत्र बजावले गेले की उत्तरास चौदा दिवस मिळतात, आणि पत्र पोचल्याची रीतसर नोंद केल्यास आणखी चौदा. देणे मान्य असल्यास त्याच वेळी हप्त्यांचा प्रस्ताव मांडता येतो. गप्प राहिल्यास मात्र एकतर्फी निकाल होतो, आणि महिन्याच्या आत पूर्ण रक्कम न भरल्यास तो निकाल सहा वर्षे नोंदवहीत राहतो. म्हणून पाकीट फोडणे हे पहिले काम.

दुसरे काम पगार सुरक्षित ठेवण्याचे. ज्या बँकेचे देणे आहे त्याच बँकेत पगार जमा झाला, तर बँक तो आपल्या येण्यापोटी वळता करून घेऊ शकते. म्हणून पगारासाठी दुसऱ्या बँकेत साधे खाते उघडावे, असा सल्ला तेथील कर्जसल्लागार देतात. तिसरे काम घरखर्चाचा ताळेबंद मांडण्याचे. भाडे, वीज, अन्न, प्रवास हे आधी, आणि उरेल त्यातून बँकेला झेपेल तेवढा हप्ता लेखी देऊ करणे. व्याज व आकार थांबवण्याची मागणी त्याच पत्रात करावी. बँकेने तक्रारीला आठ आठवड्यांत समाधानकारक उत्तर दिले नाही, तर वित्तीय लोकपालाकडे विनामूल्य जाता येते. मे २०२१ पासून इंग्लंड व वेल्समध्ये कर्जसल्लागारामार्फत साठ दिवसांची उसंत मिळण्याचीही कायदेशीर सोय झाली आहे. त्या काळात बहुतेक देण्यांवरील व्याज, आकार व वसुलीची कारवाई थांबते.

हे सारे उपाय खरे आहेत आणि उपयोगी आहेत. पण ते एकेकट्या ऋणकोचे उपाय आहेत. त्यांनी एक जीव वाचतो, नियम बदलत नाही. नियम बदलण्याचा प्रसंग २००७ च्या उन्हाळ्यात आला. एचएसबीसी बँकेने त्या वर्षीच्या पदवीधरांची बिनव्याजी सवलत काढून घेऊन १,५०० पौंडांपर्यंतच्या उचलीवर ९.९ टक्के व्याज लावण्याचे ठरवले. परीक्षा संपलेल्या, वसतिगृहे रिकामी, मुले गावोगाव पांगलेली. विरोध संघटित होण्यास याहून प्रतिकूल वेळ सापडणे कठीण. परंतु राष्ट्रीय विद्यार्थी संघटनेने हा प्रश्न हाती घेतला आणि फेसबुकवर पदवीधरांना एकत्र आणले. काही आठवड्यांत हजारो जण जमले, खाती दुसरीकडे नेण्याची भाषा होऊ लागली, आणि ऑगस्ट संपण्यापूर्वी बँकेने माघार घेतली. त्या महिन्यात आकारलेले व्याजही परत करण्याचे तिने मान्य केले. एकेकट्याने लिहिलेल्या विनंतीपत्रांना जे साधले नसते, ते एका नावाने केलेल्या मागणीला साधले. त्याच देशातील विद्यार्थ्यांनी वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेतील व्यवहारापायी बार्कलेज बँकेवर वर्षानुवर्षे बहिष्कार चालवला होता, आणि १९८६ साली त्या बँकेने दक्षिण आफ्रिकेतून अंग काढून घेतले. खातेदार एकत्र आले की बँकेला त्यांचे ऐकावे लागते, याचा अनुभव त्या चळवळीच्या गाठीशी होता.

न्यायालयाच्या मार्गाची कथा वेगळी आहे. मंजुरीवाचून झालेल्या उचलीवर अनेक बँका त्या काळी एका वेळेस तीस-पस्तीस पौंडांपर्यंत आकार लावीत. याविरुद्ध ग्राहकहित पाहणाऱ्या शासकीय कार्यालयाने चालवलेला दावा खालच्या दोन्ही न्यायालयांत यशस्वी झाला, परंतु २५ नोव्हेंबर २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. हे आकार म्हणजे बँकसेवेच्या किमतीचाच एक भाग आहेत, आणि किंमत रास्त आहे की नाही हे संबंधित नियमांखाली त्या कार्यालयाला तपासता येणार नाही, असा तो निर्णय होता. आकार न्याय्य असल्याचे न्यायालयाने म्हटले नव्हते. तो प्रश्न विचारण्याचे दार मात्र बंद झाले. अखेर एप्रिल २०२० मध्ये वित्तीय नियामकाने ठोक आकारांवर बंदी घातली. तेव्हा बहुतेक मोठ्या बँकांनी व्याजदरच ४० टक्क्यांजवळ नेऊन ठेवला. एका खिशातून काढलेला हात दुसऱ्या खिशात गेला.

हिशेबाच्या मुळाशी जाण्याचा हा प्रश्न महाराष्ट्राने दीडशे वर्षांपूर्वी विचारलेला आहे. १२ मे १८७५ रोजी भीमथडीतील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या दप्तरांवर हल्ला केला आणि कर्जरोखे जाळले. त्या उठावानंतर, १८७९ साली, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्याने न्यायाधीशाला रोख्याच्या पाठीमागे जाण्याचा अधिकार दिला. रोख्यावर काय लिहिले आहे एवढ्यावर न थांबता, मुळात किती दिले, किती परत आले आणि व्याज कसे चढले, हे त्याने पाहावयाचे होते. व्याज एका वेळी मुद्दलाहून अधिक मागू नये, हा दामदुपटीचा दंडक तर त्याहून जुना. निरक्षर शेतकऱ्याला जो प्रश्न सुचला, तो विचारण्याचा हक्क एकविसाव्या शतकातील पदवीधरालाही असला पाहिजे.

महाराष्ट्रात विद्यार्थ्याचे कर्ज वेगळ्या रूपाने येते. येथे ओव्हरड्राफ्टऐवजी शैक्षणिक कर्ज आहे, आणि त्यात पालक सहकर्जदार असतो. त्यामुळे तगादा मुलाच्या खोलीपर्यंत न थांबता गावातील घरापर्यंत जातो आणि बापाच्या अब्रूला हात घालतो. अशा घरात कार्यकर्त्याने काय करावे, याचे उत्तर वरील अनुभवांतच आहे. नोटीस वाचून तारीख टिपून घ्यावी. बँकेकडून खात्याचा संपूर्ण उतारा मागावा. शिक्षणकाळात आणि फेड सुरू होईपर्यंत सरळव्याज आकारावे, असे भारतीय बँक संघाच्या आदर्श योजनेत आहे. तसे झाले आहे का, हे तपासावे. अल्प उत्पन्न गटासाठी केंद्र शासनाने २००९ साली व्याज-अनुदान सुरू केले. कर्ज त्यास पात्र असेल, तर अनुदान खात्यात जमा झाले का, हे पाहावे. वसुलीसाठी सकाळी आठपूर्वी व सायंकाळी सातनंतर दूरध्वनी करू नये, नातलगांना धमकावू नये, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावले आहे. त्याचा भंग झाल्यास वेळ, तारीख व क्रमांक लिहून ठेवून लेखी तक्रार करावी. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे दार ठोठवावे. हप्ता घराला झेपेल तेवढाच कबूल करावा. बँकेच्या अधिकाऱ्यासमोर भीतीपोटी कबूल केलेला हप्ता तिसऱ्या महिन्यात मोडतो, आणि मग बोलणी पहिल्यापासून सुरू होतात.

यानंतरचे काम अधिक महत्त्वाचे आहे. एका तालुक्यात एका घरी नोटीस आली असेल, तर ती आणखी दहा घरीही आलेली असते. ती दहा घरे एकमेकांना ओळखत नाहीत, कारण प्रत्येकाने पाकीट खणात ठेवले आहे. त्या दहा पालकांना एका सतरंजीवर बसवणे, दहा उतारे शेजारी शेजारी ठेवून त्यांतील आकारणीची तुलना करणे, आणि दहा जणांचे एकच निवेदन घेऊन शाखेत जाणे, हे काम कोणत्याही कायद्याने होणार नाही. ते कार्यकर्त्यानेच करावयाचे आहे.

घेतलेले परत करू नये, असे यात कोठेही सुचवलेले नाही. सामान्य माणूस देणे बुडवायला निघत नाही. देणे राहिल्याने त्याची झोप उडते, आणि तगादा चालतो तो याच प्रामाणिकपणाच्या जोरावर. हिशेब मागणे हा बुडवेपणा नव्हे, एवढे त्याला पटवून देता आले पाहिजे. आणि पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलाच्या हाती पहिले पत्र नोकरीचे येण्याऐवजी वसुलीचे का येते, हा प्रश्न शासनाला विचारण्याचे सोडता कामा नये. जेथे अनुदान होते तेथे उचल आली. ते अनुदान परत आणण्याची मागणी प्रत्येक नोटिशीच्या उत्तराबरोबर पुढे गेली पाहिजे.