माहेर हीसुद्धा एक व्यवस्थाच

(मालवण येथे कार्यकर्त्यांच्या कौटुंबिक एकत्रीकरणात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्याकडे पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी येते. त्यासाठी अर्ज करावा लागत नाही की दाखला आणावा लागत नाही. शेकशेगडी, अळिवाचे लाडू, बाळाला न्हाऊ घालणारी जाणती बाई आणि रात्री बाळ रडले की सर्वांत आधी उठणारी आजी, हे सारे तेथे गृहीतच असते. पाश्चात्त्य देशांत बेघर झालेल्या तरुण मातांसाठी निवासयोजना चालतात. त्यांत छप्पर, अनुभवी स्त्रीची सोबत, बाळाची देखभाल आणि पुढच्या शिक्षणाची किंवा कामाची सोय एकत्र केलेली असते. आपल्या समाजाने यातील बरेचसे 'माहेर' या एका शब्दात बसविले होते. त्याचा अभिमान अवश्य बाळगावा. परंतु जिचे माहेरच मिटले आहे, तिच्यासाठी समाज म्हणून आपण काय उभे केले?

आपल्या जिल्ह्यात २०११च्या जनगणनेनुसार दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया होत्या. कोकणातला कर्ता पुरुष पिढ्यान् पिढ्या मुंबईला राहिला आणि घर, शेत, म्हातारी माणसे बाईने सांभाळली. या व्यवस्थेचा कणा स्त्री होती. सातबारावर मात्र बहुधा तिचे नाव नव्हते. म्हणून वीस-बावीस वर्षांच्या मुलीचा नवरा गेला किंवा त्याने दुसरे घर केले, की तान्ह्या मुलासह तिचा प्रवास सुरू होतो. महिनाभर मावशीकडे, पंधरा दिवस मैत्रिणीकडे, चार दिवस भावाकडे. ती फलाटावर किंवा पदपथावर झोपत नाही, म्हणून तिला कोणी बेघर म्हणत नाही. भाड्याची खोली घ्यावी तर तारकर्ली-देवबागेकडे आज खोलीचा हिशेब महिन्यावर नव्हे, रात्रीवर होतो. शिवाय 'नवरा कुठे असतो?' हा प्रश्न घरमालकाच्या आधी आपणच विचारतो.

हा प्रश्न नवा नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसविल्या गेलेल्या विधवांनी तेथे यावे, सुरक्षित बाळंत व्हावे, एवढा साधा आणि एवढा धाडसी हेतू. १८७५ मध्ये पंढरपूरला टाकून दिलेल्या अर्भकांसाठी आश्रम निघाला. विठुरायाच्या नगरीत त्याची गरज पडावी, याचा विचार आपण करायला हवा. देवरुखच्या गोदूबाई या विधवा मुलीला शिक्षणासाठी आसरा मिळाला तो पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात. पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी त्यांच्याशी विवाह केला आणि स्वतःच्या मुरूड गावात बहिष्कार सोसला. कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६चा. रमाबाईंच्या सदनातील धर्मांतराची चर्चा आपण शंभर वर्षे केली, तीत तथ्यही होते. परंतु गोदूबाईंना त्या दाराशी का जावे लागले, आपले दार त्या वेळी का मिटलेले होते, याची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली.

त्याच देवरुखात १९५४ मध्ये इंदिराबाई हळबे या मावशींनी दोन खाटांचे प्रसूतिगृह सुरू केले. त्यातून मातृमंदिर उभे राहिले. मावशी स्वतः विधवा होत्या. मोठी इमारत हाती नव्हती म्हणून त्या थांबल्या नाहीत.

आता कायद्याविषयी. हिंदू वारसा कायद्यात कलम २३ होते. राहत्या घराची वाटणी मागण्याचा हक्क मुलीला, घरातले पुरुष आपापले हिस्से वेगळे करायचे ठरवीपर्यंत नव्हता. २००५च्या दुरुस्तीने ते कलम गेले आणि मुलगी देशभर जन्मतः सहदायाद झाली. महाराष्ट्राने तर हे पाऊल १९९४ मध्येच उचलले होते. पण प्रत्यक्षात काय होते? आपण बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतो आणि भाऊबीजेला तिला साडी नेसवतो. उद्या तिच्यावर वेळ आली तर तिने कोणत्या दाराने आत यावे? कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २००६ मध्ये लागू झाला. त्यानुसार सासरच्या सामायिक घरात राहण्याचा तिचा हक्क आहे. घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असले तरी तो आपोआप नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. मात्र निकाल लागेपर्यंत बाळ कोठे निजणार, याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात नसते. शासनाची शक्ती सदने आहेत, बालसंगोपन योजनेचे दरमहा २,२५० रुपये आहेत. ते तिला मिळवून देणे हेही सेवाकार्यच. त्या कागदपत्रांसाठी देखील पत्ता लागतो!

छप्पर नाही एवढ्याच कारणाने पोटचे मूल संस्थेच्या स्वाधीन करण्याची वेळ आईवर येऊ शकते. बाल न्याय कायदा तिला फेरविचारासाठी दोन महिने देतो. त्या दोन महिन्यांत तिच्यापुढे एखादे दार उघडले तरच त्या मुदतीला अर्थ आहे.

आणि दारांची आपल्याकडे वाण नाही. देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत कोणत्याही वाडीत जा. चिरेबंदी घर, पुढे खळे, तुळशीवृंदावन आणि कडीला कुलूप. चतुर्थीला आणि मे महिन्यात उघडणारी ही घरे उरलेले वर्ष वाळवीच्या ताब्यात असतात. घर दिले तर परत मिळेल का, ही चाकरमान्यांची भीती खोटी नाही. त्यासाठी लेखी, नोंदणीकृत परवाना करार आहे. करार व्यक्तीशी न करता विश्वस्त संस्थेने घरमालकाशी करावा आणि देवघराची खोली मालकाकडेच ठेवावी.

एका घरात दोन-तीन माता पुरेत, फार गर्दी नको. सोबतीला वयाने मोठी, बोलायला गोड आणि चौकश्या न करणारी एक बाई. काजू कारखान्यात किंवा मासळी बाजारात कामाला जाणाऱ्या आईच्या बाळासाठी पाळणाघर. पावसाळी मासेमारीबंदीत बाजार थंडावतो, तेव्हाच्या शिध्याची तजवीज. मुदत दोन वर्षांची, आणि घराची किल्ली तिच्या हाती. हे शेवटचे कलम आपल्या मंडळींना जड जाते, असा माझा अनुभव आहे. आश्रम म्हटला की आपल्याला फाटकावर रखवालदार आणि दाराशी वही आठवते. माहेरी वही नसते.

येत्या चतुर्थीला सगळे भाऊबंद गावी एकत्र येतील. सामायिक घराला सर्वांची संमती लागते आणि सगळ्या सह्या एका माजघरात मिळण्याचा वर्षातला तो एकच काळ. आरती आटोपल्यावर पत्त्यांचे डाव मांडण्याआधी हा विषय काढावा. कराराचा मसुदा घेऊन आपले कार्यकर्ते घरोघरी येतील. बहिणी आल्या असतील, तर त्यांनाही बैठकीत बसवून घ्या.