धरणाचे पाणी हिरवे झाले तर…



नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीत उतरते. नाग कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि हे सारे पाणी पवनीजवळ गोसीखुर्दच्या धरणात येऊन थांबते. थांबते, इथेच खरी मेख आहे. वाहत्या धारेत शेवाळाला जम बसवता येत नाही. धरणात पाण्याचा वेग मोडतो, गाळ खाली बसतो, ऊन आत शिरते आणि वरचा थर तापतो. त्यात सांडपाण्यातले नत्र व स्फुरद मिळाले, की निळ्या-हिरव्या शेवाळाला आयते खतपाणी झालेच. आपल्या शेतातला युरिया नि डीएपीसुद्धा जोराच्या पावसात नाल्यानाल्याने तिकडेच जातो. शहराचा वाटा मोठा खरा, पण आपण अगदीच नामानिराळे नाही.

तुम्ही म्हणाल, निळे-हिरवे शेवाळ तर आम्ही धानाच्या बांधीत मुद्दाम सोडतो! बरोबर आहे, ते नत्र देते. पण याच कुळात काही जाती विषारी आहेत. त्यांचे विष यकृतावर किंवा मज्जातंतूंवर घाला घालते, आणि पाणी उकळूनही ते जात नाही. ऑस्ट्रेलियात १९९१ साली डार्लिंग नदीचे सुमारे १००० किलोमीटर पाणी असेच हिरवे झाले, गुरेमेंढरे दगावली.

ओळखायचे कसे? पाण्यात लांब काठी फिरवा. केसांसारखे धागे लोंबले तर ते साधे शेवाळ. काठी रंगाच्या डब्यात बुडवल्यासारखी माखली तर सावध व्हा. ते विषारी आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही, म्हणून विषारीच धरून चालावे.

वारा हा थर एका काठाला लोटतो आणि ढोरे नेमकी तिथेच तोंड घालतात. त्यांना विहिरीचे नाहीतर बोअरचे पाणी पाजा. पाणी पिऊन जनावर थरथरले, लटपटले तर झाडपाल्यात वेळ न घालवता पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. मोरचूद टाकून शेवाळ मारू म्हणाल, तर ते मरताना पोटातले विष पाण्यात सोडते, मासेही जातात.

आणि खताचे. स्फुरद पेरणीच्या वेळी मातीआड द्या, वर फेकू नका. युरिया हप्त्याहप्त्याने द्या. आभाळ भरून आले असेल तर त्या दिवशी पोते फोडूच नका. नाल्याच्या काठाने दोन-चार हात गवत राखा. वाहून जाणारी माती आणि खत तिथे अडते, शिवाय बैलांना चारा होतो.