तोंडावर ‘नाही’ म्हणणारा सेनापती



सत्तेपुढे माना डोलावणारे सल्लागार पुष्कळ मिळतात. ब्रिटिश फील्ड मार्शल अॅलन ब्रूक त्यांतले नव्हते. १९०२ मध्ये ते तोफखान्यात अधिकारी झाले; पुढे काही वर्षे हिंदुस्थानातही होते. १९१७ च्या विमीच्या लढाईत कॅनेडियन सैन्याच्या तोफांचा मारा आखण्यात त्यांचा मोठा वाटा होता. डिसेंबर १९४१ पासून १९४६ पर्यंत ते ब्रिटनचे लष्करप्रमुख होते.

पंतप्रधान चर्चिल यांना सतत नव्या मोहिमा सुचत. उत्तर नॉर्वेत सैन्य उतरवण्याचा त्यांचा बेत ब्रूक यांनी ठामपणे हाणून पाडला, कारण तिथे विमानांचे संरक्षण मिळणार नव्हते. वाद कडाक्याचे होत. रात्री संताप डायरीत उतरे आणि सकाळी काम पुन्हा सुरू. नॉर्मंडीच्या स्वारीचे सेनापतिपद चर्चिल यांनी त्यांना देऊ केले होते. १९४३ मध्ये ते अमेरिकेकडे गेले. ही गोष्ट त्यांच्या जिव्हारी लागली, तरी त्यांनी जबाबदारी टाकली नाही.

श्रेय चर्चिल यांनाही द्यायला हवे. इतके भांडूनही त्यांनी या माणसाला दूर केले नाही. हुजरे सांभाळणे सोपे असते. राज्यकर्त्यांनी, आणि आपल्या मंडळांनीही, जपावीत ती तोंडावर ‘नाही’ म्हणणारी माणसे.