अर्ज करावा, पण कोणत्या बाजूने?
(रिद्धपूर येथे तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



एखाद्या पर्यावरणविषयक स्वयंसेवी संस्थेची जाहिरात निघते : ‘प्रोग्रॅम मॅनेजर पाहिजे.’ आपल्यातील एखादा पदवीधर तरुण ती वाचतो आणि विचारतो, आपल्यासारख्यांनी तेथे अर्ज करावा काय? या प्रश्नाला आपल्या वर्तुळात दोन उत्तरे मिळतात. एक पक्ष म्हणतो, चळवळीचा माणूस पगारी झाला की तो संपला. दुसरा म्हणतो, पोट सर्वांनाच आहे, मिळेल ती नोकरी करावी. पहिले उत्तर निष्ठुर आहे आणि दुसरे आळशी आहे. दोन्ही उत्तरांत मुख्य प्रश्न टाळलेला आहे.

कार्यकर्त्याच्या उपजीविकेचा प्रश्न नवा नाही. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले यांसारख्या कलावंतांनी नाटकाचे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला आणि त्यातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन मिळू लागले. त्यामागील विचार असा की, जो समाजासाठी राबतो त्याच्या चुलीची काळजी समाजाने घ्यावी. हा विचार आजही खरा आहे. पण असा निधी थोड्यांनाच पुरतो. उरलेल्यांनी शेतीच्या उत्पन्नावर नाही तर वडीलभावाच्या पगारावर जगून समाजकार्य करावे, असे म्हणणे म्हणजे समाजकार्य खात्यापित्या घरांसाठी राखून ठेवणे होय. तेव्हा पगार घेणे हे पाप नव्हे. पगार कोठून येतो, आणि तो घेणारा उत्तरदायी कोणाला राहतो, हे पाहिले पाहिजे.

पैशाची वाट जरा तपासू. परकीय देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा पहिला कायदा १९७६ साली, म्हणजे आणीबाणीत आला. १९८२ साली गांधी शांती प्रतिष्ठान आदी संस्थांच्या चौकशीसाठी कुदाल आयोग नेमला गेला. २०१० साली नवा कायदा झाला. २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली आणि एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला परकीय निधी देण्यास बंदी केली. तालुक्यातील लहान संस्था मोठ्या संस्थेकडून निधी घेऊन काम करीत, ती वाट बंद झाली. दुसरीकडे २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणे भाग पाडले. म्हणजे सरकारने एक दार अरुंद केले आणि भांडवलाने दुसरे उघडले. त्या दारातून येणारा पैसा बहुधा मुदतीचा असतो. प्रकल्प संपला की नोकरीही संपते.

आणि नोकराचे संरक्षण? १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने बंगलोर पाणीपुरवठा खटल्यात ‘उद्योग’ या संज्ञेचा व्यापक अर्थ लावला आणि धर्मादाय संस्थांतील अनेक कर्मचाऱ्यांना औद्योगिक कायद्याचा आधार मिळाला. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने पूर्णतः वा मुख्यतः धर्मादाय व सामाजिक कार्य करणाऱ्या संघटनांच्या संस्थांना त्या व्याख्येतून वगळले. दुसऱ्यांच्या हक्कांसाठी गावोगाव फिरणाऱ्या क्षेत्र-कार्यकर्त्याचा स्वतःचा हक्क असा पातळ झाला. याची चर्चा आपल्या सभांतून फारशी होत नाही.

आता आपल्या मोर्शी तालुक्याकडे या. मोर्शी आणि वरुड हा संत्र्याचा मुलूख. बागा वाढल्या, विंधनविहिरी खोल गेल्या, आणि भूजलाचा उपसा पुनर्भरणाच्या पुढे गेला. २०१६ साली पाणी फाउंडेशनच्या पहिल्या स्पर्धेसाठी निवडलेल्या तीन तालुक्यांत वरुड होता. लोकांनी श्रमदान केले, चर खोदले, बांध घातले. त्या घामाला कोणी कमी लेखू नये. पण पाणी जमिनीत मुरवणे हे अर्धे काम आहे. मुरलेले पाणी कोण उपसतो, हे दुसरे अर्धे. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने ६० मीटरहून खोल विहिरींवर निर्बंध घातले. तो कायदा २०१४ साली अमलात आला. चर खोदताना छायाचित्र काढता येते. ज्याच्याकडे पैसा आहे त्याची चौथी विंधनविहीर थांबवताना छायाचित्र काढायला कोणी येत नाही. तसेच ऊर्ध्व वर्धा धरणाचे पाणी नांदगाव पेठच्या औष्णिक वीज प्रकल्पाला देण्याविरुद्ध लोकांना रस्त्यावर उतरावे लागले. पाण्याच्या वाटपाचा हा प्रश्न देणगीदाराच्या अहवालात कोणत्या रकान्यात बसवणार?

दुसरे उदाहरण याच जिल्ह्यातले आहे, आणि ते आशेचे आहे. मेळघाटाच्या पायथ्याच्या पायविहीर गावाला वनहक्क कायद्याखाली २०१२ साली सामूहिक वनहक्क मिळाला. उजाड जमिनीवर गावाने झाडे जगवली, आणि २०१४ साली त्या कामाला जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘खोज’ ही संस्था त्यांच्या पाठीशी होती; पण जंगल गावाच्या हाती आले ते हक्काने, दानाने नव्हे. संस्थेची जागा कोणती, हे येथे दिसते : पाठीशी, डोक्यावर नाही.

म्हणून माझे उत्तर असे : अर्ज जरूर करावा. मात्र तो याचकाचा नसावा.

अर्जात मोठे शब्द नकोत. गावातील किती विहिरींची पातळी किती महिने नोंदवली, रोजगार हमीच्या हजेरीपटातील किती चुका दुरुस्त करून घेतल्या, ग्रामसभेत कोणता ठराव मांडला, हे लिहा. याच रिद्धपुरात तेराव्या शतकात म्हाइंभटांनी श्रीचक्रधरांच्या लीळा संकलित केल्या. ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांच्याकडे जाऊन त्यांनी आठवणी मिळवल्या आणि तपासून लिहिल्या. क्षेत्रकार्याची यापेक्षा जुनी व जवळची शिकवणी आपल्याला कोठे मिळणार?

मुलाखतीत ते तुम्हांला प्रश्न विचारतील, तुम्हीही चार विचारा. संस्थेचा हिशेब ग्रामसभेपुढे वाचला जातो काय? गावाने दिलेली मोजमापे गावाला परत मिळतात काय? तुमच्या हाताखाली जे मानधनावर राबतील त्यांना नेमणूकपत्र, किमान वेतन व भविष्यनिर्वाह निधी मिळतो काय? आणि ग्रामसभेचा ठराव देणगीदाराच्या इच्छेविरुद्ध गेला, तर संस्था कोणाचे ऐकते? चौथ्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळाले नाही, तर पगाराचा आकडा कितीही मोठा असो, त्या खुर्चीत तुम्हांला गावाकडे पाठ करून बसावे लागेल, हे ओळखा.

संस्थांनाही एक सांगणे आहे. काम मराठीत आणि कोरकूत चालते, मग जाहिरात आणि मुलाखत केवळ इंग्रजीत का? त्यामुळे गावची मुलगी सर्वेक्षणाचे कागद भरत राहते आणि तिने भरलेल्या कागदांवर शहरचा पदवीधर तिचा साहेब होतो. ही नव्या काळातील वर्णव्यवस्थाच आहे. ज्या गावात २०२४ साली मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले, त्या गावातून तरी ही मागणी ठणकावून झाली पाहिजे की, अहवाल मराठीत लिहिता येणे ही पात्रता मानली जावी.

शेवटी आपल्या संघटनेविषयी. नोकरी धरलेल्या साथीला आपण वाळीत टाकू नये, आणि त्याने संस्थेत पक्षाचा हस्तक होऊन राहावे अशी अपेक्षाही धरू नये. त्याने पक्षाचा झेंडा संस्थेच्या दाराबाहेर ठेवावा. पण समतेचा विवेक आत न्यावा. आणि ज्या दिवशी पाण्याच्या वाटपाचा ठराव ग्रामसभेत येईल, त्या दिवशी आपणही तेथे हजर असले पाहिजे. एकट्या नोकरदाराच्या सचोटीवर वाटपाचा लढा जिंकता येत नाही. त्याला संघटित गावाची जोड लागते. ते गाव संघटित करण्याच्या कामाची जाहिरात कधीच निघत नाही. ते काम तुमचे-आमचे आहे.