शिळफाट्याची इमारत आणि आपली आत्मपरीक्षा

(धर्मग्रामाच्या रौप्यमहोत्सवीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं धर्मगुरूनें गोड बोलावें असा रिवाज आहे. पंचवीस वर्षांत किती बाप्तिस्मे झाले, किती विवाह लागले, हें चिटणिसांनीं आतांच वाचून दाखविलें. त्याबद्दल देवाचे आभार मानून मी एका अप्रिय विषयाकडे वळतों.

४ एप्रिल २०१३ रोजीं, आपल्या कळव्याहून फार दूर नाहीं अशा शिळफाट्याला एक बहुमजली इमारत कोसळली. ७४ माणसें दगावलीं. त्यांत लहान मुलें पुष्कळ होतीं. ती परवान्यावांचून, अवघ्या कांहीं आठवड्यांत उभी केलेली होती. वर मजला चढत असतांच खालीं बिऱ्हाडें राहावयास आलीं होतीं. पुढें बांधकाम करणाऱ्यांबरोबर महानगरपालिकेचे व पोलीसखात्याचे अधिकारीहि पकडले गेले. न्याय करणें हें न्यायासनाचें काम. तें मी माझ्याकडे घेत नाहीं. माझा प्रश्न निराळा आहे. अशी वस्तु भर रस्त्यालगत उभी राहते ती एकट्या माणसाच्या पापानें नव्हे. सिमेंट कमी घालणारा, कागद न वाचतां सही करणारा, दलाली घेऊन भाडेकरू आणून देणारा, 'आपल्याला काय करायचें आहे' म्हणत शेजारून जाणारा, असे अनेक हात तिला लागलेले असतात.

आंत राहणारीं गरीब माणसें दोषी होतीं काय? हाच प्रश्न एकदां प्रभूपुढें होता. शिलोहांतील बुरूज अठरा जणांवर पडला. ते इतरांहून अधिक अपराधी नव्हते असें प्रभूनें स्पष्ट सांगितलें, आणि लागलीच ऐकणाऱ्यांसच पश्चात्तापास बोलाविलें. मेलेल्यांचा हिशेब राहूं द्या, तुमचा काढा, असा त्याचा रोख आहे.

अनुवादाच्या २२ व्या अध्यायांत, नवें घर बांधणाऱ्यानें धाब्यास कठडा करावा, नाहीं तर कोणी पडून मेल्यास रक्ताचा दोष त्या घरावर येईल, अशी आज्ञा आहे. यज्ञ व सण सांगणाऱ्या नियमशास्त्रांत कठड्याचेंहि कलम आहे, हें आपण फारसें ध्यानांत घेत नाहीं. कठडा बांधणें हें गवंड्याचें काम खरें; पण तो न बांधणें हा देवाचा अपराध.

पापनिवेदनापूर्वीं आपण आत्मपरीक्षा करतों, तींत राग असतो, चुकलेली मिस्सा असते, शेजाऱ्याची निंदा असते. कागद पुढें सरकावा म्हणून चारलेली चिरीमिरी तींत येते काय? आपण तिला 'व्यवहार' म्हणतों, आणि त्या एका शब्दाच्या आड ती दहा आज्ञांच्या कक्षेबाहेर निसटते. श्रद्धा व रोजचें जीवन यांची फारकत ही आपल्या काळाची एक गंभीर चूक आहे, असें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६५ सालीं बजाविलें. पोप जॉन पॉल दुसरे यांनीं १९८४ सालीं आणखी पुढें जाऊन सांगितलें कीं, समाजाचें पाप म्हणजे व्यक्तींच्याच पापांची रास, आणि भयानें किंवा आळसानें गप्प राहणाराहि तींत भर घालतो.

गप्प न राहणारेहि आपल्यांत झाले. वसई ठाणे जिल्ह्यांत होती तेव्हां, १९८८ सालीं हरित वसई संरक्षण समिती निघाली. तिच्या कामांत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं जमिनीसाठीं व विहिरींच्या पाण्यासाठीं सर्व धर्मांच्या लोकांस एकत्र आणलें. धमक्यांस ते भ्याले नाहींत. २०२४ सालीं ते प्रभुचरणीं गेले.

आतां माझें. ह्या महोत्सवासाठीं आवारांत पत्र्याची पक्की शेड घालावयाचें ठरलें. एका हितचिंतकानें म्हटलें, "फादर, परवान्याचें मी पाहतों, तुम्ही फक्त विचारूं नका." आणि मीं विचारलें नाहीं. तीन रात्री मला उत्तम झोप लागली. चौथ्या दिवशीं मिस्सेनंतर एका म्हाताऱ्या आजींनीं विचारलें, "फादर, शेडीचे कागद झाले का?" त्यांना पावसाळ्याची काळजी, दुसरें कांहीं नव्हे. मला उत्तर देतां आलें नाहीं. मीं त्या गृहस्थास बोलाविलें, त्यानें खरें तें सांगितलें, व पैसे द्यावयाचे राहिले. तो रागावला नाहीं, थोडा हंसला. अर्ज रीतसर केला आहे. तो अद्याप मंजूर झालेला नाहीं.

ज्यांना ऊन सोसत नसेल त्यांनीं खुर्च्या झाडाखालीं ओढून घ्याव्या. स्वयंसेवकांनीं तेथें पाणी ठेवलें आहे.