पहिली मुलाखत : आपलं काम आपल्या तोंडून

(गणेशोत्सवातील युवक सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही पाचजण याच मंडळाच्या मांडवात लहानाचे मोठे झालो. कुणी इथेच इंदूरला सुपर कॉरिडॉरवर नोकरी करतो, कुणी पुण्याला हिंजवडीत. आमच्यातले दोघे नव्या मुलांच्या मुलाखती घ्यायला बसतात. बोलतो आहे एकजण, पण बोलणं सगळ्यांचं आहे, म्हणून ‘आम्ही’ म्हणतो.

मंडळातल्या मुलामुलींच्या सराव मुलाखती घेताना एक गोष्ट आम्हाला पुन्हा पुन्हा दिसली. मुलांना येत असतं, पण सांगता येत नाही. पाठ केलेली व्याख्या घडाघडा येते. ‘हे तू कुठे वापरलंस?’ असं विचारलं की मान खाली जाते. आजचं आमचं सगळं सांगणं या एका प्रश्नाभोवती आहे.

आधी मुलाखतीपर्यंतची वाट बघू. बहुतेक मोठ्या कंपन्यांत पहिल्यांदा ऑनलाइन परीक्षा असते. टीसीएसची एनक्यूटी हे त्याचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण. त्यात टक्केवारी, काळ-काम-वेग, तर्क, इंग्रजी उतारे आणि थोडं कोडिंग येतं. गणिताचा हा भाग शाळेचाच आहे, फक्त वेळ कमी असतो. घरात बँकेतून किंवा शाळेतून निवृत्त झालेले आजोबा असतील तर रोज अर्धा तास त्यांच्यापुढे बसा. त्यानंतर तांत्रिक मुलाखत आणि शेवटी एचआरची. अनेक कंपन्या दहावी, बारावी आणि पदवीला किमान गुणांची आणि बॅकलॉग नसण्याची अट घालतात. ती अट अर्ज भरण्याआधी वाचा.

तांत्रिक मुलाखतीत कोडिंगचा प्रश्न बहुधा सोपाच असतो. समजा विचारलं, ‘या आकड्यांतला दुसरा सर्वांत मोठा आकडा काढा.’ मुलं लगेच टाइप करायला लागतात. थांबा आणि आधी विचारा, ‘सर, आकडे ९, ९, ७ असे असतील तर उत्तर ९ धरायचं की ७? यादीत एकच आकडा असेल तर काय करायचं?’ समोरचा माणूस इथेच खूश होतो, कारण कामावरही त्याला असाच विचारून घेणारा सोबती हवा असतो. मग सोपा मार्ग सांगा की आकडे क्रमानं लावता येतील. त्याहून बरा मार्गही सांगा, की एकाच फेरीत सर्वांत मोठा आणि दुसरा असे दोन आकडे लक्षात ठेवत जाता येईल. लिहिताना तोंडानं बोलत राहा. गप्प बसून लिहिलेल्या बरोबर उत्तरातून तुम्ही विचार कसा करता ते समजत नाही.

आता प्रोजेक्ट. बायोडेटावर तीन-तीन प्रोजेक्ट असतात आणि त्यातला एखादा बाजारातून विकत आणलेला असतो, हे मुलाखत घेणाऱ्याला दुसऱ्याच प्रश्नाला कळतं. त्यापेक्षा एकच करा, लहान करा, पण स्वतः करा. विषय शोधायला लांब जायला नको. आपल्या मंडळाची वर्गणी घ्या.

एका तक्त्यात सभासद, दुसऱ्यात पावत्या. दोन सभासदांचं नाव आणि आडनाव एकच निघतं, म्हणून प्रत्येकाला वेगळा सभासद क्रमांक द्यावा लागतो. ही झाली प्रायमरी की. पावतीवर पूर्ण नाव-पत्ता पुन्हा न लिहिता तोच क्रमांक टाकला की ती झाली फॉरेन की. असं का? काकांनी घर बदललं तर पत्ता एकाच जागी सुधारावा लागतो, पन्नास पावत्यांवर नाही. नॉर्मलायझेशनमागचा विचार हाच आहे.

आता कोषाध्यक्षांचा आवडता प्रश्न : यंदा वर्गणी कुणी दिली नाही? सगळे सभासद घ्यायचे, त्यांना यंदाच्या पावत्या लेफ्ट जॉइननं जोडायच्या आणि ज्यांच्यासमोर पावती रिकामी राहते तेवढे वेगळे काढायचे. वर्षाची अट जोडतानाच लावायची. ती ‘व्हेअर’मध्ये टाकली तर वर्गणी न देणारेच यादीतून गळून जातात. हा गोंधळ ज्यानं स्वतः निस्तरला, त्याला मुलाखतीत जॉइनवर कितीही उलटसुलट विचारू द्या, तो डगमगत नाही. पाठांतर आणि हातानं केलेलं काम यांत फरक आहे तो इतकाच.

एक सराव सांगतो. हा प्रोजेक्ट आजीला मराठीत समजावून सांगा. आजीनं ‘मग त्यात काय मोठंसं?’ असं विचारलं तर चिडू नका. मुलाखतीतही हेच विचारतात, फक्त इंग्रजीत. आजीला पटलं की तेच इंग्रजीत दोनदा मोठ्यानं सांगा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका.

इंग्रजीची धास्ती आपल्या घरांत फार आहे. आपण घरी मराठी बोलतो, तीही माळव्याच्या पाण्याची, आणि बाहेर हिंदी. पुण्या-बेंगळुरूची मुलं फाडफाड बोलतात, आपलं कसं होणार, असं मुलांना वाटतं. मुलाखत घ्यायला बसणाऱ्या आमच्या दोघांचं यावर एकच सांगणं आहे : लहान वाक्यांतलं साधं इंग्रजी पुरतं. अडखळणं खपतं, पण स्वतःचंच काम सांगता न येणं खपत नाही. ‘स्वतःबद्दल सांगा’ या प्रश्नाला वडिलांचं नाव आणि छंद यांत वेळ घालवू नका. शिक्षण, केलेलं काम आणि ही नोकरी का हवी, एवढं दीड मिनिटात सांगा.

आणि न येणाऱ्या प्रश्नाला ‘माहीत नाही’ म्हणायला लाजू नका. त्यापुढे एक वाक्य जोडा : ‘याबद्दल इतकं ठाऊक आहे आणि पुढचं मी अमुक रीतीनं शोधीन.’ ऑनलाइन मुलाखतीत दुसऱ्या पडद्यावर एआय उघडून उत्तरं वाचण्याची टूम निघाली आहे. डोळ्यांची हालचाल आणि उत्तराआधीची ती ठरावीक शांतता समोरच्याला दिसते. एआयकडून शिका, सराव करून घ्या, पण मुलाखतीत बोलायचं ते स्वतःच.

एचआरच्या प्रश्नांची तयारी मात्र घरानं मिळून करायची आहे. चेन्नईला जाल का? रात्रपाळी चालेल का? यावर घरात आधी बोलणं झालेलं नसलं की मुलगी तिथे ‘विचारून सांगते’ म्हणते आणि संधी जाऊ शकते. पगाराचा सीटीसी आकडा आणि हातात येणारी रक्कम एक नसते. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा असतो आणि बऱ्याचदा ग्रॅच्युइटीही धरलेली असते. बाँड असेल तर मुदत आणि रक्कम वाचूनच सही करा.

पालकांशी दोन शब्द स्पष्ट बोलतो. नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणारे फोन घरोघरी येतात. टीसीएस, इन्फोसिससारख्या कंपन्या नोकरीसाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाहीत आणि तसं त्या जाहीरही करतात. आजोबांची एफडी मोडून असल्या माणसाच्या हाती देऊ नका. अनुभवाचं खोटं सर्टिफिकेट तर मुळीच नको. कंपन्या मागची चौकशी करतात, आणि पीएफच्या यूएएन खात्यावर खऱ्या नोकऱ्यांची नोंद असते. खोटं उघडं पडलं की मिळालेली नोकरीही जाते.

आणि कृपा करून रोज संध्याकाळी ‘झालं का काही?’ असं विचारू नका. शेजारच्याचं पॅकेज जेवणाच्या ताटावर आणू नका. पहिल्या मुलाखतीत नाकारलं जाणं अगदी नेहमीचं आहे. त्या दिवशी घरी आल्यावर मुलानं एकच काम करायचं : विचारलेले सगळे प्रश्न वहीत उतरवायचे. पुढच्या मुलाखतीला ती वही फार कामी येते.

होळकरांच्या राज्यात आपले पूर्वज इथे आले, ते कुणी कारकुनी, कुणी शिकवणं, कुणी वैद्यकी हाताशी घेऊन. त्यांनाही परक्या गावात आपलं काम आपल्या तोंडून सांगावंच लागलं असेल. आता पाळी आपल्या मुलांची आहे. विसर्जनानंतरच्या रविवारपासून सराव मुलाखती याच सभागृहात सुरू होतील. येताना बायोडेटा आणा आणि स्वतः केलेलं एक काम आणा, कितीही लहान असू दे. वर्गणीची यादी केलीत, तर कोषाध्यक्ष तुम्हाला पोहे-जलेबी देतील, असं त्यांनी कबूल केलं आहे.

गणपती बाप्पा मोरया!