जाण्याआधीचे पंधरा दिवस



बोईसरच्या माझ्या दवाखान्यात एक ठरावीक पेशंट वर्षातून अनेकदा येतो. माणूस दरवेळी वेगळा, पण गोष्ट तीच. वय पंचविशी-तिशीचं. तारापूर एमआयडीसीत फिटर, वेल्डर, नाहीतर एखाद्या केमिकल कंपनीत ऑपरेटर. पोटात गोळा येतो, जेवण जात नाही, पहाटे तीनला जाग येते ती येतेच. "मॅडम, ॲसिडिटीची गोळी द्या." मी पोट तपासते, जीभ बघते आणि विचारते, "व्हिसा कधी आला?" तो दचकतो. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

कुणी सांगावं लागत नाही. आखातात जाणारा कामगार असो, अणुशक्ती केंद्राच्या कॉलनीत वाढून एमएससाठी जर्मनीला निघालेला मुलगा असो, नाहीतर लग्न होऊन नवऱ्याकडे अमेरिकेत जायला निघालेली पालघरची मुलगी असो, जाण्याआधीच्या पंधरा दिवसांत सगळ्यांचं पोट सारखंच बिघडतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. धोका आहे असं वाटलं की शरीर पळायच्या तयारीला लागतं. छाती धडधडते, रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतं आणि पचनाचं काम मागे पडतं. समोर वाघ असेल तर ही व्यवस्था उत्तम आहे. पण विमान पंधरा दिवसांनी असेल तर पंधरा दिवस अन्न पचत नाही.

आपल्या भाषेत या अवस्थेला पुष्कळ शब्द आहेत. त्यातले दोन मला दवाखान्यात फार उपयोगी पडतात. एक धास्ती आणि दुसरा हुरहूर. काहीतरी वाईट होईल, याची धास्ती असते. जे चांगलं आहे ते मागे राहणार, याची हुरहूर असते. धास्तीमागे बहुतेक वेळा एखादा न विचारलेला प्रश्न दडलेला असतो आणि त्याचं उत्तर शोधता येतं. हुरहुरीला तसं उत्तर नसतं. घोटाळा होतो तो दोन्ही एकाच पोटात कालवली जातात म्हणून. मग माणूस धास्तीवर रडत बसतो आणि हुरहुरीवर गोळ्या खातो.

धास्ती कशावर पोसते हे आपल्या जिल्ह्यानं जवळून पाहिलं आहे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाचे धक्के सुरू झाले. धुंदलवाडीच्या आसपासच्या पाड्यांवर लोक भर थंडीत घराबाहेर, तंबूत झोपत होते. बसलेला धक्का काही सेकंदांत संपतो. झोप उडवतो तो न बसलेला, केव्हा बसेल ते ठाऊक नसलेला धक्का. परदेशी निघालेल्या माणसाचंही तसंच असतं. तिथे कष्ट आहेत हे त्याला माहीत असतं, आणि कष्टाला तो भीत नाही. नक्की काय वाढून ठेवलंय हे कळत नाही, ते त्याला खातं.

अशा वेळी मी पेशंटला एका मुलीची गोष्ट सांगते. आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातली, कल्याणची मुलगी. (पालघर वेगळा जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी.) आनंदीबाई जोशी. डॉक्टर झाल्या हे सगळ्यांना ठाऊक असतं. निघण्याआधी त्यांनी काय केलं ते फारसं ठाऊक नसतं. फेब्रुवारी १८८३ मध्ये कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी भाषण केलं. वय अठराला महिना-सव्वा महिना कमी. लोक पाठीमागे जे बोलत होते त्याचे त्यांनी स्वतःच सहा प्रश्न केले. अमेरिकेला का जातेस? इथे शिकायची सोय नाही का? एकटी का जातेस? परत आल्यावर जात वाळीत टाकेल त्याचं काय? संकट आलं तर काय करशील? आणि आजवर कुठल्या बाईनं केलं नाही ते तू का करतेस? मग एकेका प्रश्नाला भरसभेत उत्तर दिलं.

पहिले पाच प्रश्न आजही जसेच्या तसे बोईसरच्या चाळीत विचारले जातात, फक्त वाळीत टाकण्याऐवजी "परत आल्यावर इथे नोकरी मिळेल का" असं विचारतात. आनंदीबाईंनी ते मनात फिरत ठेवले नाहीत, ओळीत मांडले. आणखी एक गोष्ट त्यांच्याकडे होती. न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंशी त्यांचा १८८० पासून पत्रव्यवहार होता. एप्रिल १८८३ मध्ये त्या बोटीत बसल्या तेव्हा पलीकडच्या किनाऱ्यावर निदान एक माणूस, एक घर ओळखीचं होतं. न्यूयॉर्कला उतरवून घ्यायला त्या बाई आल्या होत्या. प्रश्नांची उत्तरं तयार होती म्हणून पुढे सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. डॉक्टर होऊन परत आल्यावर काही महिन्यांतच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, पुण्यात त्यांचा क्षयानं अंत झाला. ही गोष्ट सांगताना हा शेवट मी गाळत नाही. तयारीनं संकट टळतं असं मी कुणाला सांगू शकत नाही. निघायच्या आधी रोज रात्री ते भोगावं लागत नाही, एवढंच.

अशाच एका फिटरला मी कागद दिला. म्हटलं, "पहाटे तीनला जे जे डोक्यात येतं ते दिवसा लिहून आण." दोन दिवसांनी तो अकरा प्रश्न घेऊन आला. एजंट खरा आहे ना? बोललेला पगार आणि करारातला पगार एकच आहे ना? मेडिकलमध्ये नापास झालो तर? तिथे काही बरंवाईट झालं तर घरी काय मिळेल? आईच्या गुडघ्यांचं कोण बघेल? परत येईन तेव्हा पोरगी ओळखेल का? असे. आम्ही ते वाचत गेलो तेव्हा दिसलं की त्यातल्या सात प्रश्नांना कागदावर उत्तर आहे, आणि त्यानं एकाचंही विचारलेलं नाही. का नाही विचारलं? "एजंट चिडला तर व्हिसा दुसऱ्याला देईल."

श्रोतेहो, इथे मी जरा थांबते, कारण माझ्या अनुभवात आखाती धास्तीचं मोठं कारण हेच आहे. प्रश्न विचारला म्हणून चिडतो त्या एजंटकडे उत्तर नसतं. परवानाधारक एजंटांची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर आहे. एजंटकडे परवान्याचा क्रमांक मागा आणि तिथे ताडून पाहा. सेवाशुल्क म्हणून त्याला जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो, तोही पावती देऊन. दागिने गहाण टाकून दीड लाख भरणारा माणूस रात्री झोपणार कसा? दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर हा प्रकार असतो. आखाती आणि इतर काही ठरावीक देशांत नोकरीला जाताना त्यांना प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स यांची मंजुरी लागते. त्यांचं कार्यालय मुंबईत आहे. ही मंजुरी नको म्हणून एजंट "व्हिजिट व्हिसावर चला, तिथे बदलून घेऊ" असं सांगतो. तसं जाऊ नका. मंजुरीबरोबर प्रवासी भारतीय बीमा योजना येते. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर दहा लाखांचं संरक्षण. करारावर सही करण्याआधी तो कळणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या, आणि त्याची एक प्रत घरात ठेवा, बॅगेत नव्हे.

मेडिकलची धास्ती तर मी रोज बघते. आखाती देशांसाठी छातीचा एक्स-रे असतो, आणि लहानपणी होऊन बरा झालेल्या क्षयाचा जुना डागही तिथे आडवा येतो. माणूस धडधाकट असतो, पण "अनफिट" शिक्का बसतो. म्हणून एजंटला पैसे देण्याआधी इथेच एक साधा एक्स-रे काढून आपल्या डॉक्टरला दाखवा. काही निघालं तर कर्ज तरी डोक्यावर नसेल. त्या फिटरचा एक्स-रे स्वच्छ निघाला. त्या रात्री तो सलग सहा तास झोपला, ॲसिडिटीच्या गोळीशिवाय.

उरलेले चार प्रश्न घरातले होते, आणि ते विचारणं एजंटला विचारण्यापेक्षा अवघड. शेवटच्या पंधरा दिवसांत घरात एक नाटक चालतं. आई म्हणते, माझे गुडघे बरे आहेत. बायको म्हणते, आम्ही मजेत राहू. तो म्हणतो, दोन वर्षं काय, चुटकीसरशी जातील. प्रत्येक जण दुसऱ्यासाठी हसतो आणि रात्री तिघंही जागी असतात. मी त्याला बायकोला घेऊन यायला सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "हे गेल्यावर गॅस संपला तर नंबर कसा लावायचा?" तो हसला. मला हसू आलं नाही. घरातला गॅस, वीजबिल, बँक, शाळेची फी सगळं तोच बघत होता. तिची धास्ती त्या सिलिंडरमध्ये होती, आणि ती कुणी विचारलीच नव्हती. निघणाऱ्याची विचारपूस सगळे करतात. राहणाऱ्याची कुणी करत नाही.

एक संध्याकाळ टीव्ही बंद करून बसा. पासबुक कुठे, खात्याला नॉमिनी कोण, आईला दवाखान्यात कोण नेणार, रात्री-अपरात्री कुठल्या मामाला फोन करायचा, कर्जाचा हप्ता किती तारखेला. आणि फोनची वेळ ठरवा. आपल्याकडे साडेनऊ वाजतात तेव्हा रियाधमध्ये सात वाजलेले असतात; जर्मनी उन्हाळ्यात साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. वेळ ठरलेली नसली की एक न आलेला फोन घराला रात्रभर जागवतो.

शरीरासाठीही थोडं सांगते. निरोपाच्या पार्ट्या आवरा; दारूनं झोप लागल्यासारखी वाटते आणि पहाटे तीनची जाग आणखी पक्की होते. शेजाऱ्यानं दिलेली झोपेची गोळी घेऊ नका, आणि बरोबर तर मुळीच नेऊ नका. आपल्याकडे सहज मिळणारी काही झोपेची, दुखण्याची आणि खोकल्याची औषधं आखाती देशांत नियंत्रित आहेत. परवानगीशिवाय सापडली तर तुरुंग दाखवू शकतात. ओळखीच्यानं दिलेलं बंद पार्सलही नेऊ नका, नातं तुटलं तरी चालेल. रात्री छाती धडधडली तर श्वास घेण्यापेक्षा सोडायला दुप्पट वेळ लावा, पाच मिनिटं. जाण्याआधी आठवडाभर घरात स्वयंपाक तुम्ही करा. वरणभाताचा कुकर लावता आला की परका देश थोडा कमी परका होतो. आणि दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, अन्न नाही, जगणं नको वाटतं, असं झालं तर ते या बोलण्यातलं नव्हे. डॉक्टरांकडे जा, किंवा १४४१६ या क्रमांकावर फोन करा. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

आता हुरहूर. ती अंतरावर मोजता येत नाही. तारापूरच्या तीन आणि चार क्रमांकाच्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. माणसं देश सोडून गेली नाहीत, तालुकाही सोडला नाही. काही किलोमीटरवर नवी घरं मिळाली. पण समुद्राकाठी वाढलेल्या माणसाला पहाटे लाटांचा आवाज येत नाही, एवढं कारण पुरतं. आणि बोईसर तरी काय, कोल्हापूर, जळगाव, उत्तर प्रदेश, ओडिशा अशा ठिकाणांहून आलेल्यांनीच भरलेलं गाव आहे. एमआयडीसीतल्या कुठल्याही पन्नाशीच्या कामगाराला विचारा, पहिली दिवाळी इथे कशी काढली? तो तीस वर्षांपूर्वीचं सांगेल आणि आवंढा गिळेल. त्याला आजार झालेला नाही. पेशंट मला विचारतात, "मॅडम, हे कधी जाईल?" मी खोटं बोलत नाही. धास्ती बहुतेकांची पहिल्या पगारापर्यंत ओसरते. दुसरीबद्दल मी तारीख देत नाही.

तो फिटर गेला. रात्री दोनचं विमान होतं, पण वरसावे पुलाजवळ गाडी अडकेल या धास्तीनं मंडळी संध्याकाळी पाचलाच चिल्हार फाट्याकडे निघाली. ही धास्ती मात्र खरी आहे, तिच्यावर माझ्याकडे उपाय नाही.

दोन महिन्यांनी त्याची बायको मुलीला घेऊन आली. मुलीला ताप होता. मी सहज विचारलं, "गॅसचा नंबर लागला का?" "लागला की, मीच लावला. वीजबिलही मोबाइलवरून भरते आता." मग मुलीच्या कपाळावर हात ठेवून जरा वेळानं म्हणाली, "जाताना त्यांनी घातलेला शर्ट तेवढा धुतला नाही अजून. तसाच खुंटीवर आहे." मी मुलीचा घसा तपासला आणि तीन दिवसांचं औषध लिहून दिलं.